लाल डोळे, तपकिरी रेघा: लेसविंग बजीच्या नोंदी

11 सप्टेंबर 2022, सांगली

नवी वही सुरू केली. जुन्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी आहेत, पण या कामाला त्यातली एकही चालणार नाही. मोठ्या पिंजऱ्यात बजीचे (बजरीगर या छोट्या पोपटाचे) सहा नर, सहा माद्या आणि अंड्यांसाठी भिंतीला टांगलेली आठ मडकी होती. पिल्लं भरपूर झाली, पण कोणतं पिल्लू कुणाचं हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. बजीची मादी एका नराबरोबर संसार करते, तरी शेजारच्या नरालाही जवळ करते. बाप कोण हेच माहीत नसेल तर रंगांची वंशावळ मांडण्यात अर्थ नाही.

म्हणून आजपासून एक पिंजरा, एक जोडी, एक मडकं. बाबांनी गच्चीवरच्या खोलीत चार पिंजरे बसवून दिले, दोन फूट लांब आणि दीड फूट उंच. प्रत्येक पिल्लाच्या पायात क्रमांकाची बंद कडी पडेल आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने आकडा.

हवी आहे ती लेसविंग या रंगाची बजी. इथल्या बाजारात मी ती अजून पाहिलेली नाही. अंग ल्युटिनोसारखं (ती लाल डोळ्यांची, पूर्ण पिवळी बजी) हळदीपिवळं, डोळे लाल, पण पंखांवर आणि मानेवर फिक्या दालचिनी रंगाच्या बारीक रेघा. गळ्यावरचे ठिपकेही तपकिरी. विकत आणता येईलही कुठून तरी, पण मला ती इथल्या पक्ष्यांतून घडलेली पाहायची आहे.

25 सप्टेंबर 2022

मिरजेच्या काकांकडे गेले होते. त्यांचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. बजीला ते अजूनही 'लव्हबर्ड'च म्हणतात, जसं आपल्याकडे सगळेच म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजी ऑस्ट्रेलियातली. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने 1840 मध्ये तिथून जिवंत जोडी इंग्लंडला नेली आणि तिथून ती घराघरांत पसरली. रानातले सगळे थवे हिरवे. पिवळे, निळे, पांढरे, जांभळे हे सगळे रंग माणसाने पिंजऱ्यात जपलेले आहेत. रानात असा वेगळा पक्षी जन्मला तरी तो थव्यात उठून दिसतो आणि ससाण्याच्या नजरेत आधी भरतो.

काकांनी ल्युटिनो मादी दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पोरी, देतो. पण वर्षातून दोनदाच वीण घ्यायची. तिसऱ्यांदा मडकं टांगायचं नाही. कबूल?" मी हो म्हटलं.

येताना बसमध्ये एकाने नेहमीचा प्रश्न विचारला, "पोपट पाळायला बंदी आहे ना?" आपला देशी पोपट पाळायला बंदी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने. बजी परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातलीच, तिला ती बंदी नाही. हे सांगितलं तरी अर्ध्या लोकांना पटत नाही.

16 ऑक्टोबर 2022

जोडी लावली. नर सिनॅमन, म्हणजे ज्याच्या अंगावरच्या काळ्या रेघा तपकिरी झाल्या आहेत असा. मादी काकांची ल्युटिनो.

हिशेब इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. पक्ष्यांचं माणसांच्या उलट असतं. नराकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. सिनॅमन आणि ल्युटिनो हे दोन्ही गुण झेडवर बसतात आणि दोन्ही अप्रभावी आहेत. मादीकडे झेड एकच, त्यामुळे तिच्यावर जे आहे ते अंगावर दिसतंच. नर मात्र एका झेडवरचा गुण दुसऱ्याच्या आड लपवू शकतो. अशा नराला आम्ही 'स्प्लिट' म्हणतो.

या जोडीचे मुलगे बापाकडून सिनॅमनचं झेड घेतील, आईकडून ल्युटिनोचं. दोन्ही एकमेकांना झाकतील, म्हणून मुलगे दिसायला साधे हिरवे. मुलींना झेड फक्त बापाकडून मिळतं, म्हणून सगळ्या मुली सिनॅमन.

लेसविंग म्हणजे एकाच झेडवर सिनॅमनही आणि ल्युटिनोही. या मुलग्यांत ते दोन गुण वेगवेगळ्या झेडवर असतील. बीज तयार होताना दोन झेडमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, तेव्हाच ते एकत्र येऊ शकतात. गुणसूत्र म्हणजे मण्यांची माळ धरली, तर हे दोन मणी अगदी शेजारी ओवलेले आहेत. माळ तुटून दुसऱ्या माळेला जोडली जाते तेव्हा नेमकी या दोन मण्यांच्या मधेच तुटणं फार क्वचित घडतं. परदेशातल्या पक्षीपालकांच्या नोंदींवरून हे प्रमाण सुमारे 3 टक्के धरतात.

18 नोव्हेंबर 2022

पाच अंडी, पाच पिल्लं. मडक्यात टॉर्च टाकून डोळे पाहिले. पापण्या अजून मिटलेल्या आहेत, पण कातडी इतकी पातळ की आतला डोळा दिसतो. तिघांचे काळे, दोघींचे जांभळट लाल. हिशेबाप्रमाणे तीन मुलगे, दोन मुली. जन्माच्या दिवशीच नर-मादी कळलं.

सिनॅमन पिल्लाचा डोळा आठवड्याभरात गडद होतो आणि मग काळ्या डोळ्याच्या पिल्लासारखाच दिसतो. ल्युटिनोचा लालच राहतो. म्हणून पहिले काही दिवस रोज पाहायचं आणि लिहायचं. एक दिवस चुकला तर ती माहिती परत मिळत नाही.

कडी 1, 2, 3 मुलगे. 4 आणि 5 मुली.

22 जानेवारी 2023

तिन्ही मुलगे स्वतःचे स्वतः खातात. साधे हिरवे, काळ्या रेघांचे. मला तीन नर पुरेत, म्हणून दुसरी वीण घेतली नाही. मडकं काढून गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवलं.

14 मे 2023

बाहेर चाळीसच्या आसपास. खोलीच्या खिडकीला ओलं गोणपाट, पिंजऱ्यात उथळ ताटलीत पाणी. पक्षी चोची उघड्या ठेवून पंख अंगापासून लांब धरून बसतात. या दिवसांत मडकी टांगायची नाहीत. बाजारासाठी पिल्लं काढणारे काही जण बारा महिने मडकी ठेवतात, आणि मादी मडकं दिसलं की अंडी घालतेच. तिला थांबवणं हे पाळणाऱ्याचं काम आहे. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

सुटीला भाचा आला आहे. त्याला दुसऱ्या पिंजऱ्यातल्या निळ्या बजीचं गळलेलं पीस दाखवलं. उजेड समोरून पडला की निळं. तेच पीस खिडकीकडे धरून त्याच्यातून पाहिलं तर करडं, मळकट. तो दहा वेळा उलटसुलट करत बसला. बजीच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या आतली सूक्ष्म जाळी प्रकाशातला निळा भाग परत फेकते, आणि मागचं काळं मेलॅनिन उरलेला प्रकाश शोषून घेतं. त्यावर पिवळं रंगद्रव्य आलं की हिरवा. पिवळं गेलं की निळा. मेलॅनिन गेलं की फक्त पिवळं उरतं, ती ल्युटिनो. दोन्ही गेली की पांढरी, म्हणजे अल्बिनो.

हे पिवळं पोपटांचं खास आहे. कॅनरीचं पिवळं खाण्यातून येतं. पोपट स्वतःचं पिवळं पिसं उगवतानाच पिसात तयार करतात. ते बनवणारं जनुक बजीतच सापडलं, 2017 मध्ये. निळ्या बजीत त्या जनुकाने बनणाऱ्या प्रथिनाचा एकच घटक बदललेला असतो आणि तेवढ्याने सगळं पिवळं थांबतं. एवढ्याशा बदलाने सबंध पक्षी हिरव्याचा निळा होतो, हे मी कितीदा वाचलं तरी पुन्हा वाचावंसं वाटतं.

भाच्याने विचारलं, "मग जांभळा?" त्याची गोष्ट वेगळी आहे, ती उद्या सांगते म्हटलं. गडद करणारा एक गुण आणि जांभळेपणाचा एक गुण निळ्यावर एकत्र यावा लागतो.

8 ऑक्टोबर 2023

तीन जोड्या लावल्या. तिन्ही भाऊ आता अकरा महिन्यांचे. माद्या बाहेरून आणलेल्या साध्या हिरव्या, एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. पाच आठवडे त्यांना नरांपासून वेगळं ठेवलं होतं, कारण आधीच्या नराचं बीज मादीच्या अंगात काही दिवस टिकतं.

आता हिशेब असा. मुलगे सगळे काळ्या डोळ्यांचे, कारण आईचं साधं झेड त्यांना मिळतं. मुली जवळजवळ सगळ्या जन्मतः लालसर डोळ्यांच्या. त्यांतल्या साधारण निम्म्या ल्युटिनो, निम्म्या सिनॅमन. शंभरात तीन मुली अदलाबदलीच्या. त्यातही निम्म्याच लेसविंग, म्हणजे शंभर मुलींत दीड. मुलगे धरून सुमारे 130 पिल्लांत एक.

तीन जोड्या, दोन विणी, वर्षाला पंचवीस-तीस पिल्लं. म्हणजे चार-पाच वर्षं लागू शकतात. आज हे लिहिताना वेळ लागला.

खाणं: राळा, बाजरी, वरी, थोडी साळ. पिल्लं असताना उकडलेलं अंडं आणि मोड आलेली बाजरी. शेवग्याचा पाला, कोथिंबीर. समुद्रफेस कायम टांगलेला, अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम त्यातून मिळतं.

12 नोव्हेंबर 2023

लक्ष्मीपूजन. रात्री साडेआठपासून फटाके. जोडी 2 ची मादी मडक्यातून बाहेर उडाली आणि अंधारात तिला परत तोंड सापडेना. आत चार दिवसांचं एक पिल्लू, दोन दिवसांचं एक आणि दोन अंडी. खोलीत मंद दिवा लावला, खिडकीवर गोधडी टाकली आणि आईने दाराशी खुर्ची टाकून बसायचं ठरवलं. पावणेदहाला मादी आत गेली. पिल्लं गार पडली नव्हती. पुढच्या वर्षी जोड्या दिवाळीनंतरच लावायच्या.

28 नोव्हेंबर 2023

जोडी 1. कडी 8. डोळे लाल, अठरावा दिवस, पिवळी पिसं फुटू लागली आहेत. आणि डाव्या पंखावर तपकिरी ठिपके.

हात थरथरत होता. काकांना फोन केला, ते म्हणाले, "उजेडात ने आणि कोमट पाण्याचा बोळा फिरव." फिरवला. ठिपके निघाले. वाळलेली विष्ठा आणि अंड्याचा बलक. पिल्लू शुद्ध ल्युटिनो, तब्येतीने उत्तम.

बाबा म्हणाले, "लिहून ठेव, हेही लागेल." लिहिलं.

11 फेब्रुवारी 2024

दोन विणी संपल्या. जोडी 1: 5 आणि 4. जोडी 2: 4 आणि 5. जोडी 3: 3 आणि 4. एकूण 25. जन्मतः लालसर डोळ्यांची 12, त्यांत ल्युटिनो 5 आणि सिनॅमन 7. काळ्या डोळ्यांची 13. लेसविंग नाही.

जोडी 3 ची पिल्लं कमी झाली. मादी तजेलदार दिसते, मडक्याच्या जागी जाऊन चोच मारते आहे. तिचं मडकं परत टांगलं.

3 मार्च 2024

जोडी 3 ची मादी गेली.

काल सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसलेली दिसली. शेपटी श्वासासरशी वरखाली होत होती. पोट चाचपलं तर अंडं हाताला लागलं. अडकलं होतं. दिव्याची ऊब दिली, ओल्या फडक्याची वाफ दिली, पशुवैद्यांकडे नेलं, त्यांनी कॅल्शियम दिलं. रात्री दोनपर्यंत तिला हातात धरून बसले. पहाटे गेली. अंडं मऊ कवचाचं होतं. दोन विणींत अंगातलं कॅल्शियम संपत आलं होतं, आणि तिसऱ्यांदा मागितलं मी.

काकांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. "कबूल केलं होतंस ना?" एवढंच म्हणाले. मी काही बोलू शकले नाही.

शंभरात दीड हा आकडा डोळ्यांपुढे होता म्हणून मडकं टांगलं. मादीची गरज त्या आकड्यात कुठेच नव्हती. वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलं: दोन विणी, मग सहा महिने विश्रांती. दुसऱ्या विणीत पिल्लं कमी झाली तर त्या मादीला पुढचं वर्षही सुट्टी.

9 जून 2024

पक्षी वाटले. नऊ घरी, जोडीजोडीने. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी: कडीचा क्रमांक, जन्मतारीख, आईबाप, काय खातो.

वाटताना एक विचार टोचत होता. काळ्या डोळ्यांच्या या 13 मुलग्यांतही एखाद्याकडे अदलाबदल झालेलं झेड असू शकतं, सिनॅमन आणि ल्युटिनो एकत्र असलेलं. तो दिसायला साधा हिरवाच असेल, कारण आईचं झेड त्याला झाकतं. त्याच्या मुलींत मात्र लेसविंग भराभर निघतील. तेरा जणांना तपासायला तेरा पिंजरे आणि तेरा माद्या लागतील. ते माझ्याकडे नाहीत. म्हणून चिठ्ठीवर खाली एक ओळ घातली: 'लाल डोळ्यांचं, तपकिरी रेघांचं पिल्लू निघालं तर कळवा.'

10 नोव्हेंबर 2024

दिवाळी उरकली, जोड्या लावल्या. तेच तिघे भाऊ. जोडी 1 आणि 2 च्या माद्या आठ महिने विश्रांती घेऊन आलेल्या, वजन चांगलं. जोडी 3 ला नवी मादी. सगळ्या माद्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून वेगळ्या.

16 फेब्रुवारी 2025

दुसरी वीण पूर्ण. जोडी 1: 5 आणि 5. जोडी 2: 4 आणि 6. जोडी 3: 4 आणि 4. एकूण 28. लालसर डोळ्यांची 13, त्यांत ल्युटिनो 7, सिनॅमन 6. काळ्या डोळ्यांची 15.

दोन वर्षांची मिळून 53. लेसविंग नाही. पिल्लं बाहेर पडली की मडकी काढायची. कुणालाही तिसरी वीण नाही.

13 एप्रिल 2025

कडी 51. जोडी 2 ची दुसरी वीण, जन्म 4 फेब्रुवारी. नोंद: 'काळे डोळे, पहिल्या दिवसापासून.' म्हणून नरांच्या पिंजऱ्यात आहे.

आज दाणे घालताना तिच्याकडे लक्ष गेलं. तिच्याकडे, हा शब्द आपसूक उमटला. नाकपुड्यांभोवतीची पट्टी. या वयाच्या नराची ती एकसारखी गुलाबी-जांभळी असते. 51 ची फिकट आहे आणि दोन्ही नाकपुड्यांभोवती पांढरं कडं. असं कडं कोवळ्या मादीला असतं.

काळ्या डोळ्यांची, काळ्या रेघांची, हिरवी मादी. या बापाला अशी मुलगी होता कामा नये. त्याच्या एका झेडवर सिनॅमन, दुसऱ्यावर ल्युटिनो. कोणतंही झेड दिलं तरी मुलगी एक तर तपकिरी, नाही तर पिवळी. साधी हिरवी मुलगी होण्यासाठी झेड दोन्ही गुणांपासून मोकळं हवं. आणि तसं झेड मिळायला माळ त्या दोन मण्यांच्या मधेच तुटावी लागते.

रात्री उशिरापर्यंत वही चाळली. नोंद चुकली का? अंड्याचा आकडा, कडी घातल्याची तारीख, डोळ्याची नोंद, तिन्ही जुळतात. दुसऱ्या मडक्यातलं अंडं इथे आलं का? त्या विणीत हलवलेलं नाही, आणि हलवलं असतं तरी तिन्ही बाप भाऊ, तिघांचे झेड तसेच, म्हणून निष्कर्ष तोच. आधीच्या नराचं बीज? तिला वेगळी केल्यापासून हे अंडं घालेपर्यंत तीन महिन्यांहून जास्त काळ गेला होता. मधली पहिली वीणही याच नराबरोबर.

8 जून 2025

काका आले. 51 ला हातात घेऊन खिडकीपाशी गेले. नाकपट्टी आता पांढरट तपकिरी. बराच वेळ पाहून म्हणाले, "मादी आहे. लिही." तरी लिंगतपासणीसाठी तिची चार पिसं प्रयोगशाळेत पाठवली.

29 जून 2025

अहवाल आला. मादी.

म्हणजे ते घडलं, या खोलीत, जोडी 2 च्या नराच्या अंगात. दोन झेड शेजारी आले, तुटले, जोडले गेले. अशा प्रत्येक तुटण्यातून दोन झेड निघतात: एकावर दोन्ही गुण, दुसऱ्यावर एकही नाही. अंड्यापर्यंत पोचलं ते दुसरं. लेसविंग होण्याची शक्यता जेवढी, तेवढीच ही होण्याची. आम्हाला मिळालं ते त्याचं मोकळं भावंड.

आईने विचारलं, "मग ही दुर्मिळ?" सिनॅमन-ल्युटिनोच्या नराची साधी हिरवी मुलगी लेसविंगइतकीच दुर्मिळ. बाजारात तिला साध्या हिरवीचा भाव. तिच्या झेडवर दोहोंपैकी काहीच नाही, म्हणून पुढच्या कामाला तिचा उपयोग नाही. पण 26 मुलींत ही एक, आणि ती सापडली ती पहिल्या दिवशी लिहिलेल्या 'काळे डोळे' या दोन शब्दांमुळे. मी तिला कुणाला देणार नाही.

भाच्याला फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, "आता पुढच्या वेळी लेसविंग येईल का?" नाही रे. प्रत्येक अंड्याला शक्यता पहिल्याइतकीच. आधी घडलं म्हणून ती वाढत नाही आणि इतकी वर्षं घडलं नाही म्हणूनही वाढत नाही.

2 नोव्हेंबर 2025

दिवाळीनंतर जोड्या लावल्या. दोनच या वर्षी. जोडी 1 च्या मादीला सुट्टी, गेल्या वेळी तिच्या शेवटच्या अंड्याचं कवच खरखरीत होतं. त्या नरालाही तिच्याबरोबर मोठ्या पिंजऱ्यात सोडलं, मडक्याविना. दिवसभर एकमेकांची मान खाजवत बसतात.

51 त्याच पिंजऱ्यात, वरच्या काठीवर, खिडकीच्या बाजूला.

26 नोव्हेंबर 2025

जोडी 2: सहा अंडी. टॉर्चवर पाहिली. चार भरलेली, एक वांझ, सहावं परवाचं, अजून कळत नाही. जोडी 3: तीन अंडी, मादी मडक्यातून हलत नाही. जोडी 2 चं पहिलं पिल्लू 4 डिसेंबरच्या सुमारास. टॉर्चला नवे सेल आणायचे.